क्लासमध्ये प्रिंट कशाला?

प्रॅक्टिकलच्या वहीतला ‘विद्यार्थी’ क्लास बघा. नाव, हजेरी क्रमांक, गुण आणि त्यातच इनपुट, प्रिंटही कोंबलेलं! पाठ करून गुण मिळतात, पालकहो, पण उद्या निकालपत्रक, परवा ग्रंथालयाची नोंद करायची म्हटलं की मुलं तोच क्लास पुन्हा लिहीत बसतात. माझं मत, क्लासमध्ये माहितीच ठेवावी, छापणं बाहेर. पायथॉन ३.७ (२०१८) पासून ‘डेटाक्लास’मध्ये कन्स्ट्रक्टर, बरोबरीची तपासणी आयती मिळते, जावा १६ (२०२१) मध्ये ‘रेकॉर्ड’ कायमचं आलं. तरी आधी एकदा साधा क्लास हातानं लिहून घ्याच. एकाच माहितीचे दोन ऑब्जेक्ट ताडून पाहिले की पोरं विचारतातच, “सर, सगळं सारखंय, मग उत्तर फॉल्स का?” डेटाक्लास त्यानंतर शिकवावा.