परसातली चार वाफ्यांची श्रीमंती



महिन्याची वीस तारीख उलटली की आपल्या घरातल्या ताटात पहिला बदल कोणता होतो, हे कधी पाहिले आहे का? भाकरी कमी होत नाही, भात कमी होत नाही. कमी होते ती भाजी. पावशेर वांग्यांत पाच माणसांचे कालवण होते, त्यात पाणी वाढते, मीठ-मिरची वाढते. जे शिजते ते आधी मुलांच्या आणि घरच्या पुरुषांच्या ताटात जाते. शेवटी जेवायला बसणारी आपण. आपल्या वाट्याला पातेल्याचा तळ आणि ठेचा.

याचा परिणाम दिसल्यावाचून राहत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला किमान 400 ग्रॅम भाजी व फळे गेली पाहिजेत, आणि त्यात बटाटा धरायचा नाही. पाच मोठ्या माणसांच्या घरात याचा हिशेब दिवसाला दोन किलो होतो. बाजारभावाने एवढी भाजी रोज विकत घेणे आपल्यापैकी कितीजणींना परवडते? म्हणून आजचा विषय परसबागेचा. मृगाचा पाऊस तोंडावर आला की विचार करीत बसायला वेळ नसतो. तयारी आधीच हवी.

माझी आई दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जायची. दिवसभर वांगी-मिरच्या तोडायची आणि संध्याकाळी निघताना मालकिणीपुढे उभी राहायची. मर्जी असली तर पदरात चार किडकी वांगी पडायची. आमच्या घरामागे मात्र चार हात जागा मोकळी पडली होती. तिथे चुलीची राख आणि खरकटे पाणी जायचे. एका पावसाळ्यात त्या उकिरड्यावर आपोआप लाल भोपळ्याचा वेल उगवला. आईने तो उपटला नाही, काठीचा आधार देऊन छपरावर चढवला. त्या वर्षी आम्ही भोपळा खाल्ला, त्याच्या कोवळ्या पानांची भाजी खाल्ली, फुलांची भजी खाल्ली. पुढच्या वर्षी तिने शेजारणीकडून दोडक्याचे आणि घेवड्याचे बी आणले. त्यानंतर आई मळ्यातून भाजी मागून घेऊन आल्याचे मला आठवत नाही. ज्याच्या नावावर एक गुंठाही शेत नाही त्याला परसातल्या चार वाफ्यांची किंमत काय असते, हे मी तेव्हा पाहिले आहे.

जागा किती हवी?

पुष्कळ भगिनी म्हणतात, "बाई, आमच्याकडे जागाच कुठे आहे?" एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद. तेवढी जागा नको. 10 फूट रुंद आणि 12 फूट लांब असा तुकडा निघाला तरी पुरे. त्यात तीन-तीन फूट रुंदीचे दोन पट्टे करा, मधे दोन फुटांची वाट ठेवा आणि दोन्ही कडांना एकेक फूट जागा वेलांसाठी सोडा. प्रत्येक पट्ट्याचे तीन भाग केले की चार फुटी सहा वाफे होतात. वाटेवर बसून हात वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, त्यामुळे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही आणि माती दबत नाही.

जागा निवडताना एकच गोष्ट पाहा. तिथे दिवसातून सहा तास ऊन हवे. सावलीत वेल नुसते वाढतात, फळ धरीत नाहीत. सावलीचा कोपरा असेल तर तिथे अळू, पुदिना, आले, हळद लावावी.

जमीन काळी चिकण असेल तर पावसात पाणी साचून मुळे कुजतात. अशा ठिकाणी वाफा वीतभर उंच करावा. मुरमाड जमीन पाणी धरीत नाही, तिथे खत थोडे जास्त घालावे. प्रत्येक वाफ्याला चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली मिसळावे. "कुजलेले" हा शब्द विसरू नका. पहिल्या वर्षी मी उत्साहाने ताजे शेण आणून घातले. आठ दिवसांत मिरचीची रोपे पिवळी पडून गेली आणि उरलेल्यांच्या मुळाशी हुमणी लागली. ताजे शेण मातीत कुजू लागले की गरम होते आणि किडीला बोलावते. शेण मिळत नसेल तर एका कोपऱ्यात दोन-अडीच फूट खोल खड्डा करावा. भाजीची देठे, साली, पालापाचोळा, थोडी माती असे थर देत जावे आणि ओल टिकवावी. तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीसारख्या वासाचे खत तयार होते.

केव्हा काय लावावे?

पावसाच्या सुरुवातीला, जून-जुलैत, भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, घोसाळे, कारले, दुधी आणि लाल भोपळा लावावा. वांगी आणि मिरचीची रोपे आधी एका लहान वाफ्यात तयार करावीत आणि पाच-सहा आठवड्यांची झाली की हलवावीत. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, कांदा यांची वेळ येते. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा भेंडी, गवार, काकडी, माठ.

भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजत घालून सकाळी टोकावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी क्रांती' हा वाण केवड्याला, म्हणजे पाने पिवळी पडण्याच्या रोगाला, दाद देत नाही म्हणून गाजला. एका वाफ्यात भेंडीची बारा झाडे पुरतात. वांग्याची मात्र चारच लावावीत, कारण दोन झाडांत दोन फुटांचे अंतर हवे. दाट लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यात झाडे एकमेकांचे अन्न खातात आणि घरच्या माणसांना काही मिळत नाही.

धणे तसेच पेरले तर उगवण कमी होते. पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन डाळी वेगळ्या कराव्यात आणि मग पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर सोडू नये. मेथी मात्र तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात खुडायला होते. पालेभाजी सगळी एकदम पेरू नये. एक वाफा आज, दुसरा पंधरा दिवसांनी, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरा तयार.

शेवग्याचे एक झाड प्रत्येक घरामागे असावे. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की जगते. शेंगा तर मिळतातच, शिवाय पाल्याची भाजी लोह, चुना आणि अ जीवनसत्त्वाने भरलेली असते. लाकूड ठिसूळ असते, म्हणून शेंगा संपल्या की दरवर्षी छाटावे.

फूल येते, फळ धरत नाही

वेलभाज्यांच्या बाबतीत ही तक्रार नेहमीची. दोडका, दुधी, भोपळा यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले असतात. मादी फुलाच्या खाली बोटाएवढे बारके फळ असते, नराच्या खाली नुसता देठ. सुरुवातीला नर फुलेच अधिक येतात आणि गळून पडतात, तेव्हा घाबरू नये. पुढे मादी फुले येऊनही फळ पिवळे पडून गळत असेल तर मधमाशी फिरकत नाही असे समजावे. मग हे काम आपण करावे. ताजे नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्यातला पिवळा पराग मादी फुलाच्या मधल्या भागाला हलकेच लावावा. भोपळ्याचे फूल सकाळी उमलते, दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी. त्याप्रमाणे वेळ साधावी.

किडीसाठी बाजारातले जहाल औषध परसबागेत आणूच नये. आपली मुले तिथेच खेळतात आणि काकडी तोडून तशीच खातात. वाळलेल्या निंबोळ्यांची पूड 50 ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून-वरून फवारावी. मावा, तुडतुडे यांना आळा बसतो. वांग्याचा शेंडा मान टाकू लागला की आत अळी आहे हे ओळखावे. तो शेंडा कापून जाळून टाकावा, उकिरड्यावर फेकू नये. किडकी फळेही झाडाखाली पडू देऊ नयेत.

पाण्याची टंचाई असेल तर तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी वाफ्यांना द्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीला देऊ नये, ते मोरीच्या तोंडाशी लावलेल्या केळीकडे वळवावे. उन्हाळ्यात झाडांच्या बुंध्याशी पाचोळा पसरला तर ओल टिकते आणि निम्मे कष्ट वाचतात.

ज्यांना परस नाही

चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्या भगिनींनी निराश होऊ नये. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत, फुटक्या बादलीत, तेलाच्या डब्यात माती आणि खत भरावे. खाली पाणी निघायला भोके मात्र हवीत. मिरची, टोमॅटो, कोथिंबीर, मेथी, पुदिना यांना एवढी जागा पुरते. एक कारल्याचा वेल दोरीवरून पत्र्यावर गेला तर उन्हाळ्यात घरही थोडे थंड राहते.

बी आपले, हक्काचे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे हे आदिवासी गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. परंतु गावठी वाल, घेवडा, भाज्या आणि भात यांचे बी त्यांनी घरात जपले, वाढवले, इतर बायांना वाटले. 2020 साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. ज्या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हणत नव्हते ते आपल्या आया-आज्यांच्या गाडग्या-मडक्यांत होते, हे राहीबाईंनी देशाला दाखवून दिले.

आपणही पहिले चांगले फळ झाडावरच पिकू द्यावे. बी काढून सावलीत वाळवावे आणि राखेत मिसळून कोरड्या बरणीत ठेवावे. बाजारातल्या संकरित वाणाचे बी धरू नये, त्याची पुढची पिढी आईसारखी निघत नाही. बी गावठीच धरावे.

ताटात कसे यावे?

घरची भाजी खुडल्यावर तासाभरात चुलीवर जाते, तिची गोडी वेगळीच. दोडक्याच्या शिरा फेकू नका. तीळ आणि लसूण घालून तव्यावर परतल्या की झकास चटणी होते. मुळ्याचा पाला बेसन पेरून करावा. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने भाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. अळू चिंच घालून चांगले शिजवावे, नाहीतर घसा खाजतो. आणि एक सावधगिरी: दुधी चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर गाय-म्हशीलाही न घालता टाकून द्यावा. कडू दुधी विषारी असतो.

आता शेवटचे, पण महत्त्वाचे. परसबाग म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक काम, असे होता कामा नये. पाणी घालणे मुलांकडे द्या, मुलगा-मुलगी असा भेद न करता. खड्डा खणणे, मांडव घालणे घरधन्याकडे द्या. ज्या मुलाने स्वतः भेंडी लावली तो ती ताटात टाकून उठत नाही, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. आणि भाजी आली की ती सर्वांच्या ताटात सारखी वाढा, आपल्याही.

भाद्रपदात घोसाळी इतकी येतात की घरात संपत नाहीत. तेव्हा शेजारी दोन द्या, वस्तीतल्या बाळंतिणीच्या घरी पालक पोचवा. आई म्हातारपणी रोज सकाळी परसात जाऊन ओटीत भाजी घेऊन यायची आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणायची, "थांब गं, दोन वांगी घेऊन जा." तिने कधी किडके वांगे कोणाला दिले नाही.

या आठवड्यात जागा साफ करा आणि वाफे आखून ठेवा. बी टोकायला पाऊस आपल्याला हाक मारीलच.