आधी नदी गेली, आता डोंगराची पाळी



गोदाकाठच्या आणि सिंदफणेकाठच्या गावांनी वीस वर्षे जे भोगले, ते आता बालाघाटाच्या पायथ्याशी येऊन ठेपले आहे. तिकडे वाळू गेली, इकडे खडी जाणार आहे. माळावर सुरुंग उडतो, क्रशर घरघरतो, हायवाच्या रांगा लागतात आणि दिवाळीपर्यंत पुरणारी विहीर दसऱ्यालाच तळ दाखवते. लोक म्हणतात, पाऊस कमी झाला. पाऊस कमी असेलही. पण सगळा दोष पावसाच्या माथी मारून चालणार नाही.

नदीची गोष्ट आधी आठवा. २००४ साली अलिबागजवळ किहीम येथे वाळूउपसा अडवायला गेलेल्या सुमैरा अब्दुलाली यांना मारहाण झाली. त्या थांबल्या नाहीत. त्यांच्या आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील वाळूउपशावर बंदी घातली. मग सरकारने नवे धोरण आणले आणि त्यात ग्रामसभेच्या संमतीची अट आली. पण पुष्कळ गावांत ग्रामसभा कागदावरच भरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच गेवराई तालुक्यात सिंदफणेच्या पात्रातील वाळूच्या खड्ड्यात चार मुले बुडून गेली. तेव्हा सगळे जागे झाले. पण नदीचे पात्र तोवर पोखरून झाले होते.

आता मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले. दगड दळायचा आणि वाळू करायची. प्रत्येक जिल्ह्यात पन्नास क्रशरना सवलत. स्वामित्वधन ब्रासला सहाशे रुपयांऐवजी दोनशे. नदी वाचावी हा हेतू चांगला आहे. पण नदीवरचा भार डोंगरावर टाकला तर डोंगराखालच्या शेतकऱ्याने काय करायचे, याचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागेल.

यात पाण्याचा हिशोब काय, तो नीट समजून घ्या. क्रशरला हवा असतो काळा पाषाण. तो लागतो खाली. त्याच्यावर माती आणि मातीखाली मुरूम. खाणवाल्याच्या लेखी मुरूम म्हणजे अडथळा. तो आधी खरवडायचा, भरावाला विकायचा. आपल्या विहिरीच्या लेखी तोच मुरूम म्हणजे रांजण. काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत राहते. झिजलेल्या, सच्छिद्र मुरमात ते मुरते आणि पाझरत पाझरत विहिरीला येते. भूजलाच्या मोजणीत अशा थरात शंभर भागांना साधारण दोन भाग पाणी धरतात. एक हेक्टर माळावरचा तीन मीटर मुरूम काढला, तर सहा लाख लिटर पाणी धरणारी जागा गेली. ती एका वर्षापुरती गेली नाही, कायमची गेली. शिवाय खाण विहिरीच्या पाण्याखाली उतरली की आजूबाजूचे पाणी खाणीकडे ओढले जाते आणि पंप लावून ओढ्यात सोडले जाते.

धुळीचा हिशोब वेगळा. पानावर भुकटी बसली की पानाचे काम मंदावते. रस्त्याकडेच्या धुळकट कपाशीवर लाल कोळी वाढतो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. बोंडे फुटायच्या वेळी धूळ रुईत बसते आणि व्यापारी प्रत पाडून भाव करतो. रब्बी ज्वारीवर मावा पडून चिकटा आला असेल तर धूळ त्यालाच धरून बसते. असा कडबा बैल हुंगून सोडतो. कोरडवाहू शेतकऱ्याला ज्वारीत कडबाच तारतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आम्ही खडीच्या विरुद्ध नाही. रस्ता हवा, घरकुल हवे. १९९५ साली मंजूर झालेल्या नगर-बीड-परळी रेल्वेची बीडला पहिली गाडी यायला सप्टेंबर २०२५ उजाडले. ती खडीवरूनच आली. हायवा चालवणारी पोरे आपलीच आहेत. ती गाडी नसती तर त्यांच्या हाती कोयता असता आणि ती कारखान्यावर गेली असती. बरड माळ भाड्याने देणाराही आपलाच भाऊबंद आहे. त्याला शिव्या देऊन काही साधणार नाही. पण त्याच्या माळाचे भाडे त्याला मिळते आणि विहीर आटते खालच्या दहा जणांची. हा व्यवहार त्या दहा जणांना विचारल्याशिवाय होता कामा नये, एवढेच आमचे म्हणणे.

कायदा अगदीच मुका नाही. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात सांगितले, की पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजाच्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४८(७) विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड सांगते, आणि ४८(८) वाहने व यंत्रे जप्त करण्याचा अधिकार देते. पण अधिकारी विचारतो, पुरावा काय? तिथे आपण गप्प होतो.

म्हणून पुरावा आजपासून जमवा. खाण सुरू होण्याआधी प्रत्येक विहिरीचे पाणी दोरीने मोजा आणि दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. घराला तडा गेला तर त्यावर सिमेंटची पट्टी लावून तारीख घाला. पट्टी फुटली की तडा वाढतो आहे हे सिद्ध होते. सुरुंगाची वेळ लिहा. पिकाचे नुकसान झाले तर तलाठी व कृषी सहायकाकडे पंचनाम्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. परवाना किती ब्रासचा, किती क्षेत्राचा, हे माहितीच्या अधिकारात मागा. आणि खाण मागणाऱ्याचा अर्ज तहसिलात पोचण्याआधी ग्रामसभेचा ठराव तिथे पोचू द्या. त्या ग्रामसभेला बायाबापड्या आल्याच पाहिजेत. विहीर आटली की हंडा त्यांच्याच डोक्यावर येतो.

शेवटची गोष्ट भीतीची. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. ते प्रकरण खडीचे नव्हते, पवनचक्की प्रकल्पावर मागितलेल्या खंडणीचे होते. पण आडवे जाणाऱ्या एकट्या माणसाची या जिल्ह्यात काय किंमत होते, ते सगळ्यांनी पाहिले. म्हणून अर्जावर एकाची सही नको, गावाची हवी. मोजणीला एकाने जाऊ नये, पाच जणांनी जावे. तहसिलात एकट्या सरपंचाला पुढे करून आपण घरी बसू नये.

या बैठकीतून परत जाल तेव्हा एक वही आणि एक दोरी घेऊन विहिरीवर जा. लढा तिथून सुरू होतो.