‘नो’ म्हणणाऱ्या ओळी

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. जुन्या मराठी छपाईचे संग्रह असलेल्या अशा शहरात, पानांच्या स्कॅनमधून शोधता येणारा मजकूर काढण्याचे काम आज ना उद्या आपल्यापैकी कोणाकडे तरी येणारच. त्या वेळी हात आधी टेसरॅक्टकडे जातो. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडलेले हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये खुले झाले. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कने सबंध ओळ वाचते, आणि मराठीचे तयार मॉडेलही उपलब्ध आहे.

डिस्ट्रिब्युशनचे पॅकेज पुरत असेल तर तेच वापरावे. पण नवी आवृत्ती हवी आणि ग्राहकाचा सर्व्हर जुना, असे झाले की सोर्सपासून बिल्ड करणे आले. तिथे पहिली अडचण ठरलेली: टेसरॅक्टचा कॉन्फिगर चित्रे हाताळणाऱ्या लेप्टोनिका लायब्ररीची १.७४ किंवा पुढची आवृत्ती मागतो आणि थांबतो, जरी ती तुम्ही नुकतीच बसवलेली असली तरी. ती यूएसआर-लोकलमध्ये गेलेली असते आणि रेड हॅट घराण्यातला पीकेजी-कॉन्फिग तिथे आपणहून पाहत नाही. त्याला पाथ दिला की काम पुढे सरकते. काय हवे ते सांगून थांबणारी ही चूक सोपी.

आम्हाला काळजी वाटते ती न थांबणाऱ्या बिल्डची. लिबपीएनजी किंवा लिबटिफच्या हेडर फाइली सापडल्या नाहीत, तरी लेप्टोनिकाचे कंपायलेशन अडत नाही. त्या जागी नावापुरती फंक्शने बसतात, बिल्ड पूर्ण होते, त्यावर टेसरॅक्टही विनातक्रार उभे राहते. मग ग्राहकाचे टिफ पान दिले की ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’. स्कॅनरवर संशय घेतला जातो, फाइलवर घेतला जातो, मॉडेल बदलून पाहिले जाते. आणि उत्तर मात्र लेप्टोनिकाच्या कॉन्फिगरने छापलेल्या, कोणीही न वाचलेल्या एका ‘नो’मध्ये असते.

अशा वेळी आधी डेव्ह पॅकेजे बसवावीत आणि लेप्टोनिकापासून पुन्हा सुरुवात करावी. सीमेक वापरत असाल तर बिल्ड डिरेक्टरी नवी घ्या, कारण जुन्या लायब्ररीचा पत्ता कॅशेत टिकून राहतो. एलडीकॉन्फिग चालवून टेसरॅक्टला त्याची आवृत्ती विचारा. लेप्टोनिकाची आवृत्ती आणि तिला जोडलेल्या चित्र-लायब्ररी ते स्वतःच छापते. त्यात टिफ दिसत नसेल तर कदाचित डिस्ट्रिब्युशनचीच जुनी लेप्टोनिका लोड होते आहे. एलडीडी ते लगेच दाखवेल.

मराठीवर काम करणाऱ्यांनी आणखी एक इशारा ध्यानात ठेवावा. आयसीयू, पँगो किंवा कैरो नसेल तर प्रशिक्षणाची साधने बांधली जाणार नाहीत, एवढेच सांगून कॉन्फिगर पुढे जातो. जुन्या खिळ्यांच्या छपाईसाठी मॉडेल पुन्हा शिकवायची वेळ येते तेव्हा हीच साधने लागतात, आणि देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवून नमुना-चित्रे तयार होतात ती पँगोच्या आधाराने.

पुढील अंकापासून वाचकांच्या बिल्ड-नोंदींसाठी एक पान राखून ठेवत आहोत. प्रणाली, कंपायलरची आवृत्ती आणि कॉन्फिगरचा पूर्ण लॉग पाठवा. स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळींचा फोटो पुरणार नाही. मेक समांतर चालवलेले असेल तर पहिली चूक कितीतरी वर गेलेली असते.