राखणदारांनी बोलले पाहिजे

रुग्णाशी बोलणे हा उपचाराचाच एक भाग आहे, ही गोष्ट आम्हांला वैद्यकाच्या ग्रंथांनी शिकविली नाही, ती रुग्णांनी शिकविली. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या रुग्णालयात काम करीत होतो, तेथील संगणकांचे जाळे एका सकाळी अकस्मात बंद पडले. रक्ततपासणीचे अहवाल उघडेनात, क्ष-किरण चित्रे दिसेनात. बाहेर पन्नास-साठ माणसे ताटकळत बसलेली. "सिस्टीम बंद आहे" या तीन शब्दांपलीकडे त्यांना कोणी काही सांगेना. दोन तासांनी आवाज चढू लागले, तेव्हा एक वयस्क परिचारिका उठली आणि साध्या शब्दांत म्हणाली, "तुमचे कागद हरवलेले नाहीत. ते ज्या वाटेने येतात ती वाट तेवढी बंद आहे. ती उघडेपर्यंत ज्यांना जास्त त्रास होतो आहे, त्यांना डॉक्टर आधी पाहतील." बिघाड होता तसाच होता, परंतु गलका शमला.

त्याच दिवशी दुपारी आम्ही तेथील तंत्रज्ञास विचारले, "ही वाट म्हणजे नेमके काय, आणि तिचा मालक कोण?" तो हसून म्हणाला, "मालक कोणीच नाही. पण पत्त्यांची वही ठेवणारी एक संस्था आहे. तिचे नाव मात्र या इमारतीत आम्हां दोघा-तिघांखेरीज कोणास ठाऊक नसेल." त्या उत्तराने आमचे कुतूहल जागे झाले. त्यातून जे कळले आणि जे खटकले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

इंटरनेटशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रास अंकांनी बनलेला पत्ता लागतो. आपल्याकडील पिनकोडशी याची तुलना करता येईल. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 रोजी ती सहा अंकी पद्धती सुरू झाली, आणि भाषा कोणतीही असो, पत्र योग्य गावी पोहोचू लागले. इंटरनेटचेही तसेच. जुन्या पद्धतीतील पत्ते एकंदर सुमारे 429 कोटी. एक पत्ता दोघांस दिला गेला तर गोंधळ माजेल, म्हणून त्यांची नोंद ठेवणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था जगात आहेत. त्या सरकारी नाहीत, नफ्यासाठीही नाहीत. त्या सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्था आहेत.

आपली मराठी माणसे जेथे जेथे विखुरली आहेत, तेथे यांपैकी कोणत्या ना कोणत्या संस्थेची वही उघडी आहे. लंडन, दुबई आणि तेल अवीव ही तिन्ही शहरे 1992 साली ॲमस्टरडॅम येथे स्थापन झालेल्या रायप एनसीसीच्या क्षेत्रात येतात. अमेरिकेतील बांधव एरिनच्या, मॉरिशसचे आफ्रिनिकच्या, तर मुंबई-नागपूरचे आप्त ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथून चालणाऱ्या एपनिकच्या क्षेत्रात. पाचवी लॅकनिक ही दक्षिण व मध्य अमेरिकेची. सातारच्या आजी मँचेस्टरच्या नातवाशी पडद्यावर बोलतात, तेव्हा यांतील दोन वह्या एकमेकींशी जुळत असतात.

या संस्थांनी सर्वसामान्य जनतेशी बोलण्याची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. सभासद म्हणजे दूरध्वनी कंपन्या, विद्यापीठे, बँका, सरकारी खाती. त्यांच्या वर्गणीचा पैसा यंत्रांवर आणि अभियंत्यांवर खर्चावा, सभा, शिक्षणवर्ग आणि प्रसिद्धी यांवर कशास, असे काही सभासदच म्हणतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जनसंपर्काच्या नावाखाली गुळगुळीत कागदावरची आत्मस्तुती छापणाऱ्या संस्था आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. परंतु बोलण्याचे काम वाईट रीतीने होते म्हणून ते करूच नये, हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. आमच्या मते या संस्थांच्या बाबतीत लोकांशी बोलणे हे यंत्र चालविण्याइतकेच मूळ काम आहे, आणि ते सभासदांपुरते मर्यादित ठेवता येणार नाही.

पहिले कारण असे की, उपाय ठाऊक असणे आणि उपाय अंगवळणी पडणे यांत मोठे अंतर असते. व्हिएन्ना येथे 1847 साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने दाखवून दिले की, प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटतात. सत्य त्याच्या हाती होते. परंतु त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो 1861 साली, आणि तोही सहकाऱ्यांवर आग ओकीत. मधल्या काळात किती माता दगावल्या असतील, याचा हिशेब कोणी द्यावा? आता पत्त्यांच्या जगातील उदाहरण पाहा. 3 जानेवारी 2024 रोजी स्पेनमधील एका मोठ्या दूरध्वनी कंपनीच्या रायप एनसीसीकडील खात्यात एक परका शिरला. संकेतशब्द सहज ओळखता येण्याजोगा होता, आणि दुसऱ्या पायरीची ओळखतपासणी उपलब्ध असूनही लावलेली नव्हती. त्याने मार्गांच्या नोंदी बदलल्या आणि त्या कंपनीच्या ग्राहकांची सेवा काही तास विस्कळीत झाली. पुढे त्याच वर्षी संस्थेने ही दुहेरी तपासणी सर्वांस सक्तीची केली. योग्य तेच केले. पण वैद्य म्हणून आमच्या मनात येते ते हे की, सल्ला फलकावर लावणे म्हणजे सल्ला पोहोचविणे नव्हे. हात धुण्याची पाटी भिंतीवर असते आणि हात कोरडेच राहतात.

दुसरे कारण वाटपाचे आहे. 25 नोव्हेंबर 2019 रोजी रायप एनसीसीकडील जुन्या पद्धतीचे मोकळे पत्ते संपले. तेव्हापासून नव्याने येणाऱ्याने परत आलेल्या पत्त्यांसाठी रांगेत उभे राहावे, अन्यथा बाजारात पैसे मोजून ते घ्यावेत. ज्यांनी प्रारंभी मुबलक घेतले त्यांच्याकडे साठा आहे. विपुल पत्त्यांची नवी पद्धती उपलब्ध आहे, परंतु जुनीवाचून अद्याप पुरते भागत नाही. पाणवठ्यावर उशिरा पोहोचलेल्यांच्या वाट्यास काय येते, हे आपल्या समाजास कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वाटपाचे नियम कोण करतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ अभियंत्यांचा राहत नाही. आनंदाची गोष्ट ही की, रायपच्या क्षेत्रात हे नियम खुल्या चर्चेतून ठरतात आणि त्या चर्चेत भाग घेण्यास सभासद असण्याची अट नाही. खेदाची गोष्ट ही की, दार उघडे आहे हे दाराबाहेरच्यांस कळतच नाही. ज्या दाराची वार्ता रस्त्यापर्यंत पोहोचत नाही, ते दार उघडे असून बंदच.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. मार्च 2022 मध्ये, रशियाने आक्रमण केल्यानंतर, युक्रेनच्या सरकारने रायप एनसीसीकडे मागणी केली की, रशियन सभासदांचा पत्ते वापरण्याचा अधिकार काढून घ्यावा. ज्यांच्या घरांवर बाँब पडत होते, त्यांची ती मागणी समजण्यासारखी होती. संस्थेने मात्र नकार दिला. संपर्काची साधने राजकीय वादांच्या व युद्धांच्या आघातापासून अलिप्त राहिली पाहिजेत, अशी भूमिका तिने घेतली आणि उत्तर जाहीररीत्या प्रसिद्ध केले. आम्हांस ती भूमिका योग्य वाटते, कारण शत्रुपक्षाच्याही जखमीची नाडी पाहणे हा आमच्या व्यवसायाचा धर्म आहे, आणि सत्य बातमीची वाट बंद झाली तर तेथील सामान्य माणूसच आंधळा होतो. परंतु अशी तटस्थता लोकांना क्रूर वाटू शकते. ही संस्था केवळ नोंदवही ठेवते, ती न्यायासन नव्हे, हे संकट येण्यापूर्वीच समाजास ठाऊक असेल, तरच तो नकार समजून घेतला जातो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णास शरीरशास्त्र शिकविता येत नाही.

याउलट संस्था अडचणीत आली आणि जनतेस तिचे नावच ठाऊक नसले, तर काय होते, हे मॉरिशसने पाहिले. आफ्रिनिक ही सबंध आफ्रिका खंडाची संस्था. एका सभासद कंपनीशी झालेल्या वादात 2021 साली न्यायालयीन आदेशाने तिची बँक खाती गोठविली गेली. पुढे संचालक मंडळच उरले नाही. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयास रिसीव्हर नेमावा लागला. जून 2025 मध्ये घेतलेली निवडणूक एका मुखत्यारपत्राविषयीच्या शंकेमुळे रद्द झाली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा मतदान होऊन नवे मंडळ निवडले गेले. चार वर्षे एका खंडाच्या पत्त्यांची वही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत होती. त्या खंडातील कोट्यवधी वापरकर्त्यांपैकी कितींना याचा पत्ता होता? मुखत्यारपत्रे, गणसंख्या आणि रद्द झालेल्या निवडणुका यांची ओळख आपल्या मंडळांस निराळी करून देण्याचे कारण नाही. ज्या संस्थेच्या कारभारावर लोकांची नजर नसते, तेथे मूठभरांचा वाद सर्वांचे संकट बनतो.

मग बोलावे कसे? एक तर वाईट बातमी आधी सांगावी. रोग्यापासून निदान लपविणारा वैद्य विश्वास गमावतो, तीच गत संस्थेची. दुसरे म्हणजे लोकांच्या भाषेत बोलावे. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीतून प्रबंध लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढला तो मराठीत, कारण ज्यांच्याशी बोलावयाचे होते त्यांची भाषा मराठी होती. विद्वत्ता कमी न करता शब्द सोपे करता येतात, याचा यापेक्षा मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाही. रायप एनसीसीचे कामकाज मुख्यतः इंग्रजीतून चालते. त्या इंग्रजीतही संक्षेपांची एवढी गर्दी असते की, इंग्रजी जाणणाराही दुसऱ्या वाक्यास थबकतो. आणि तिसरे, ऐकावे. रायप ॲटलस या उपक्रमात स्वयंसेवक आपल्या घरी एक लहानसे यंत्र ठेवतात आणि इंटरनेटच्या प्रकृतीची मोजणी त्यातून अखंड होत असते. अशी 10,000 हून अधिक यंत्रे जगभर आहेत. शंभर व्याख्यानांनी जे साधत नाही ते अशाने साधते, कारण यात सामान्य माणूस श्रोता न राहता सहभागी होतो.

असो. केवळ उपदेश करून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज याच क्षेत्रात चांगल्या हुद्द्यांवर आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, वर्षातून दोनदा भरणाऱ्या रायपच्या खुल्या सभांस एकदा तरी जावे, आणि पुढील स्मरणिकेसाठी तेथे काय ठरले ते दोन पानांत, आईला समजेल अशा मराठीत लिहून द्यावे. आमच्या मंडळाने त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी, चहाची व्यवस्था आम्ही करू. राखणदारांनी बोलले पाहिजे हे खरेच, परंतु ज्यांचे घर राखले जात आहे त्यांनीही उठून विचारले पाहिजे. त्या सकाळी रुग्णालयात कोणीतरी आवाज चढविला, म्हणूनच ती परिचारिका उठली होती.