ज्याला कळलं, त्यानं सांगावं का?

बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला व्हीटस्टन ब्रिजवर आपण सगळ्यांनीच डोकं फोडून घेतलंय. खरं तर त्या ब्रिजची मूळ कल्पना सॅम्युअल ख्रिस्टी यांची, १८३३ सालची. चार्ल्स व्हीटस्टननं ती लोकांपर्यंत पोचवली आणि नाव त्याचंच लागलं. पण याच व्हीटस्टननं एक वाद्यही शोधून काढलं, ते मात्र अगदी त्याचं स्वतःचं: इंग्लिश कॉन्सर्टिना. दोन्ही हातांत मावणारी, मध्ये भाता, दोन्ही टोकांना बटणं. आपल्या पेटीची लांबची बहीण म्हणा की! हवेच्या झोतानं धातूची पट्टी थरथरते आणि सूर निघतो, हे दोघींचंही गुपित.

हे सगळं मला कळलं ते माझ्या चुलतभावामुळे. दादा यॉर्कशरमध्ये नोकरी करतो. लहानपणी शहापूरच्या घरी आजोबांच्या मांडीला मांडी लावून पेटी शिकला. तिकडे गेल्यावर पेटी मिळेना, म्हणून कॉन्सर्टिनाच्या नादाला लागला. मागच्या वर्षी त्यानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. जवळच्या गावात लिलाव होता. यादीत लिहिलं होतं, ‘जुना ॲकॉर्डियन, डब्यासह, दुरुस्ती हवी, अंदाजे ६० ते ८० पौंड.’ खाली दादानं लिहिलं होतं, “हे ॲकॉर्डियन नव्हे.”

त्यानं ओळखलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. साधी कॉन्सर्टिना षट्कोनी असते. फोटोतली अष्टकोनी होती, आणि व्हीटस्टन कंपनी आपल्या ‘एओला’ या उंची प्रकाराला आठ बाजू द्यायची. (बारा बाजू दिसल्या तर लशनाल कंपनीची ‘एडिओफोन’ असण्याची शक्यता मोठी.) टोकांना हाताचा आडवा पट्टा नव्हता, अंगठ्यासाठी छोटी पट्टी आणि करंगळीसाठी धातूचा टेकू होता. म्हणजे ही ‘इंग्लिश’ पद्धतीची. हिच्यात भाता दाबा नाहीतर ओढा, एका बटणाला एकच सूर. ‘अँग्लो’ पद्धतीत दाबताना एक आणि ओढताना दुसरा, माउथ ऑर्गनसारखं. बटणं त्यानं फोटो मोठा करून मोजली. दोन्ही बाजूंची मिळून ४८.

लिलावाआधी वस्तू बघायला देतात, त्या दिवशी तो गेला. एकही बटण न दाबता त्यानं ती एका बाजूनं लटकती धरली. भाता झपकन खाली आला असता तर हवा गळते असं समजायचं. तो सावकाश उतरला. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या नव्हत्या, म्हणजे कुणी अडाण्यानं उघडून बघितलेलं नव्हतं. टोकावरच्या लंबगोल खिडकीत एक नंबर पुसट दिसत होता. तो त्यानं लिहून घेतला.

आता गंमत बघा. व्हीटस्टन कंपनीच्या जुन्या वह्या लंडनच्या हॉर्निमन म्युझियमनं जपून ठेवल्यात आणि पानापानाचे फोटो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केलेत. एकोणिसाव्या शतकातल्या वह्यांत वाद्य कुणी घेतलं त्यांची नावंसुद्धा आहेत. दादाचा नंबर नंतरच्या वहीत सापडला. साल १९२० नंतरचं, पुढे प्रकार आणि बटणांची संख्या. फोटो, हात आणि वही, तिघांची साक्ष जुळली. वस्तू ओळखणं म्हणजे काय, तर एवढंच: एका खुणेवर भाळायचं नाही.

इथपर्यंत सगळे खूश होते. वाद सुरू झाला तो पुढे. दादानं विचारलं, “त्यांना सांगू का, की हे काय आहे?”

बाबा म्हणाले, “गप्प बस आणि घे.” काका म्हणाले, “लिलाववाले कमिशन कशाचं घेतात? ओळखायचं काम त्यांचं.” मग आजी बोलली. ती सहसा असल्या गोष्टीत बोलत नाही. म्हणाली, “आपली पेटी नेली तेव्हा तो माणूस पण गप्पच बसला होता की.”

ही पेटीची गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. आजोबा गेल्यावर वर्षभरानं दारावर जुन्या वस्तू घेणारा एक माणूस आला. त्यानं झाकण उचललं, आत वाकून बघितलं, एक सूर वाजवला आणि झाकण लावलं. “लाकूड किडलंय आजी, ७०० देतो.” आजीनं दिली. गणपतीच्या आधी नेहमीचे पेटी जुळवणारे काका आले आणि आल्या आल्या म्हणाले, “पॅरिस रीडची पेटी कुठाय?” आजीनं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा न घेता गेले. पं. रामभाऊ विजापुरेंच्या बेळगावात पॅरिस रीडचं मोल सांगायला नको. आमच्या घरात ते एकट्या आजोबांना माहीत होतं, आणि ते सांगायचे राहून गेले.

म्हणजे तिकडे आमचा दादा ज्या जागी उभा होता, त्याच जागी इकडे तो माणूस उभा होता. मग एकाला हुशार आणि दुसऱ्याला लबाड म्हणायचं कोणत्या तोंडानं? गेले वर्षभर हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

माझं मत सांगते. कष्टानं मिळवलेलं ज्ञान फुकट वाटायची सक्ती कुणावर नाही. दादानं नोकरी सांभाळून रात्री जागून हे शिकून घेतलंय. विकणाऱ्याच्या बाजूनं लिलाववाला आहे, त्याला वस्तू पारखायचेच पैसे मिळतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लिलावात ओळखणारा एकटा नसतो. दोघांना कळलं तरी पुरे, भाव आपोआप खऱ्या किमतीकडे चढतो. उघड्या बाजाराची ही खरी ताकद. दारावर मात्र जाणणारा एकच असतो आणि समोर एक म्हातारी. तिथं दुसरी बोली नाही, वही नाही, साक्षीदार नाही. तिथं गप्प बसणं म्हणजे समोरच्याच्या अज्ञानाला हात घालून खिसा कापणं. आणि आमच्या दारावरचा माणूस तर गप्पही नव्हता. लाकूड किडलंय म्हणाला. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांच्यात उंबरठ्याएवढं तरी अंतर आहेच.

पण इथं दादालाही मी मोकळा सोडणार नाही. वस्तू बघायच्या दिवशी तिथल्या एका मुलीनं त्याला सहज विचारलं होतं, “तुम्हाला यातलं काही कळतं का?” दादा म्हणाला, “थोडंफार.” हे त्यानं स्वतःच मला सांगितलं, हसत हसत. मला हसू आलं नाही. न विचारता न सांगणं मी समजू शकते. विचारल्यावर ‘थोडंफार’ म्हणणं म्हणजे झाकण लावून घेणंच झालं. त्या एका शब्दानं तो यॉर्कशरमधून आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं खरं सांगितलं असतं तर वस्तू हातची गेली असती, हे मान्य. पण प्रामाणिकपणाला किंमत पडते म्हणूनच तो प्रामाणिकपणा, नाही का?

वस्तू तशीही हातची गेलीच. दादानं १,२०० पौंडांवर थांबायचं ठरवलं होतं. बोली ७० वरून सुरू झाली, दोन मिनिटांत हजारावर गेली. फोनवर कुणीतरी होतं, त्यालाही कळलेलं होतं. हातोडा पडला १,८५० वर, वर कमिशन वेगळं. वाद्य एका वारलेल्या गृहस्थांच्या घरातलं होतं म्हणे. त्यांच्या माणसांना ८० च्या जागी एवढे मिळाले. दादा दोन दिवस गप्प होता. मला मात्र, खरं सांगते, बरं वाटलं. आजीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, “त्यांचं नशीब, दोघं आले.”

नशिबावर किती सोडायचं? त्या कॉन्सर्टिनाला वाचवलं ते दुसऱ्या जाणकारानं. आणि असे जाणकार तयार होतात कारण कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी वहीत नंबर लिहिला, आणि कुणीतरी ती वही कुलपात न ठेवता सगळ्यांसमोर उघडली. ज्ञान चारचौघांत आलं की गप्प बसणाऱ्याचा फायदा संपतो. म्हणून मला वाटतं, जाणणाऱ्यानं बोलावं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा न जाणणारे कमी करावेत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक करा. माळ्यावर पेटी असेल, तंबोरा, सतार, व्हायोलिन, काहीही असेल, तर खाली काढा. पेटी जुळवणाऱ्या ओळखीच्या माणसासमोर झाकण उघडा. कुठं नाव किंवा नंबर कोरलाय का बघा, फोटो काढा. आणि ते कुणी, कुठून, कधी आणलं, हे आजी-आजोबांना विचारून एका वहीत लिहून ठेवा. विकायचं की नाही ते नंतर ठरवा. पण दारावर कुणी आलाच, तर निदान तुमच्या बाजूनं एक जाणकार घरात असू दे.

दादाला हा लेख पाठवलाय. ‘थोडंफार’वरून तो अजून माझ्याशी भांडतोय. तुमचं काय मत?