दगड वाचले, नगराचे काय?

रोमच्या उत्तरेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, लात्सिओ प्रांतात, चिविता दि बान्योरेज्यो हे चिमुकले नगर एका एकाकी टेकडीच्या माथ्यावर उभे आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन लोकांनी ते वसविले. मध्ययुगातील थोर ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत बोनावेंतुरा यांची ही जन्मभूमी. आज तेथे पोहोचण्यास १९६५ साली बांधलेल्या पादचारी पुलाखेरीज सोयीचा मार्ग नाही.

सकाळी रोमहून निघालेला प्रवासी दुपारी हा पूल चढतो, प्राचीन वेशीतून आत शिरतो, सान दोनातो चर्चसमोरच्या चौकात छायाचित्रे टिपतो आणि उन्हे कलताच परततो. वर्षाकाठी असे काही लाख लोक येतात. बारमाही राहणारे रहिवासी मात्र जेमतेम दहा-पंधरा!

या नगराचा ऱ्हास निसर्गानेच आरंभिला. टेकडीचा माथा ज्वालामुखीजन्य खडकाचा, पण खालचा थर मातीचा. पाऊस आणि ओढे ती माती वाहून नेतात, आधार सुटलेला कडा ढासळतो आणि कड्यासह घरे दरीत जातात. १६९५ च्या भूकंपानंतर बिशपचे पीठ व नगराचा कारभार शेजारच्या बान्योरेज्योकडे गेला. विसाव्या शतकात तेथल्याच भूमीत जन्मलेल्या बोनावेंतुरा तेक्की या साहित्यिकाने चिविताला ‘मरणारे नगर’ म्हटले आणि पुढे तेच त्याचे बिरुद झाले. आपले मरण हेच ज्याचे आकर्षण ठरावे, असे दुर्दैव क्वचितच कोणा नगराच्या वाट्याला आले असेल.

२०१३ साली स्थानिक प्रशासनाने प्रवेशशुल्क सुरू केले. आरंभी दीड युरो असलेले हे शुल्क पुढे पाच युरोंपर्यंत गेले. वारसा पाहणाऱ्याने त्याच्या रक्षणाचा भार उचलावा, हा विचार सर्वथा योग्यच. त्या उत्पन्नाने परिसराला हातभार लागला, रोजगारही वाढला. पण तिकिटाच्या पैशाने कडा सावरता येतो, चूल पेटवता येत नाही. ज्या घरांतून पाळणा हलत नाही, सायंकाळी दिवा लागत नाही, ती घरे कितीही देखणी राखली तरी त्यांना नगर कसे म्हणावे?

उत्तराची दिशा चिविताच्याच एका परंपरेत आहे. गुड फ्रायडेच्या दिवशी सान दोनातोमधील क्रुसावरील ख्रिस्तमूर्ती मिरवणुकीने बान्योरेज्योला नेली जाते. ती मध्यरात्रीपूर्वी परतली नाही तर कायमची बान्योरेज्योची होईल, अशी लोकश्रद्धा आहे. मूर्ती परत आणण्याची ही ओढ कोणत्याही तिकिटातून निर्माण होत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या ममत्वातून येते. ते ममत्व बाळगणारी माणसेच उरली नाहीत, तर मूर्ती परत आणायची कोणी आणि कोणासाठी?

म्हणूनच शुल्काच्या उत्पन्नावर कड्याइतकाच रहिवाशांचा अधिकार मानला पाहिजे. तरुण कुटुंबांना परवडणारे घर, बारमाही काम आणि मुलांच्या शाळेची सोय यांवर तो पैसा लागला, तरच पूल बांधल्याचे सार्थक होईल. रोम-फ्लोरेन्स पाहून परतणारे एखादे मराठी कुटुंब वाट वाकडी करून तेथे गेलेच, तर त्यानेही एक रात्र मुक्काम करावा. पर्यटकांची गर्दी ओसरल्यावर त्या गल्ल्यांत किती खिडक्या उजळतात, ते मोजावे. वारशाचा खरा हिशेब तेथेच लागतो.