बहिणीची सही आणि वडिलांची जमीन

वडील हयात. जमीन त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, सातबाऱ्यावर त्यांचेच नाव. आणि मुलगा बहिणीला घेऊन आपल्याकडे येतो: “वकीलसाहेब, हिचं हक्कसोडपत्र आत्ताच करून ठेवू. पुढे दाजी काय म्हणतील, सांगता येत नाही.” असा दस्त आपल्यापैकी किती जणांनी लिहून दिला, हे संपादकीयातून हात वर करायला लावून विचारता येत नाही, ते बरेच आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 6 मधला पहिलाच खंड सांगतो की वारस होण्याची नुसती शक्यता हस्तांतरित होत नाही. वडिलांनी उद्या जमीन विकली, मृत्युपत्र केले, किंवा मुलगीच आधी गेली, तर तिच्या वाट्याला काहीच येणार नाही. मग आज ती सोडते काय? दस्त नोंदला गेला, एवढ्याने त्यात जीव येत नाही.

जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर गोष्ट वेगळी. 2005 ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा निकाल (2020) यांनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद आहे. तिचा हिस्सा आजचा आहे, म्हणून नोंदणीकृत दस्ताने सोडताही येतो. पण ‘वडिलोपार्जित’ हा शब्द पक्षकार फार सैल वापरतात, आणि आपण तो तसाच दस्तात उतरवतो. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन 1956 नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर चंदर सेन निकालानुसार (1986) ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता. तिथे मुलीला जन्मसिद्ध हिस्सा नाही.

काही सहकारी गुलाम अब्बास (एआयआर 1973 एससी 554) पुढे करतात. तिथे मुलांनी वडिलांच्या हयातीत मोबदला घेऊन भावी हिस्सा सोडला होता. नंतर त्यांना तो मागू दिला नाही. पण तो प्रतिबंध उभा होता मोबदल्यावर आणि वर्तनावर. आपल्या मसुद्यात मात्र ठरलेले वाक्य असते: ‘बंधुप्रेमापोटी, विनामोबदला’. म्हणजे ज्या निकालाचा आधार घ्यायचा, त्याचा पायाच आपण स्वतःच्या हाताने खोडतो!

जुने फेरफार आधी मागवावेत. जमीन वडिलांची स्वतंत्र निघाली, तर बहिणीला घरी पाठवून वडिलांना बोलवावे. मृत्युपत्र की बक्षीसपत्र, हे त्यांनी ठरवायचे आहे.